तुमचं रेट्रो, आमचं १९५६

गेल्या मे महिन्यात पणजीतल्या एका कॅफेत बीटनिक संध्याकाळ झाली. कॅफेचं नाव सांगत नाही, कारण कॉफी चांगली होती आणि पोरंही गुणी होती. मे महिना, म्हणजे अंगावरचा सुती सदरासुद्धा काढून ठेवावासा वाटतो असे दिवस. आणि सात-आठ मुलंमुली गळ्यापर्यंत चढलेले काळे गरम टीशर्ट घालून घामाघूम बसलेली. एकाच्या डोक्यावर तिरकी गोल टोपी. एकजण बोंगो बडवत होता. भिंतीवर हंफ्री बोगार्ट (तो बीटनिक नव्हता, पण असो), त्याच्या शेजारी ‘सी.आय.डी.’मधला देव आनंद, आणि त्याच्याही शेजारी पन्नासच्या दशकातल्या पणजीचं एक चित्र: लांबलचक मोटारी, पांढऱ्या सुटातले पुरुष, छत्रीवाल्या बायका. सगळं काळंपांढरं, सगळं देखणं.

एका मुलीनं गिन्सबर्गची ‘हाउल’ वाचली. छान वाचली. मग ‘हाउल’वर झालेल्या खटल्याची गोष्ट निघाली. १९५६ मध्ये पुस्तक आलं, १९५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अश्लीलतेचा खटला झाला, प्रकाशक फर्लिंगेटी निर्दोष सुटला. तारखा सगळ्यांना पाठ. टाळ्या पडल्या. आणि मग सूत्रसंचालन करणारा मुलगा एक दीर्घ श्वास घेऊन म्हणाला, “आपल्याकडे असलं काही घडलंच नाही.”

माझं डोकं फिरलं ते या वाक्यावर. काळे टीशर्ट घालून कुणी घामानं भिजत असेल तर भिजो बापडा. पण हे वाक्य खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे त्या मुलाला ठाऊक नाही यात त्याचा दोष चार आणे; उरलेले बारा आणे आमचे, म्हणजे मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या शहाण्यासुरत्या मंडळींचे.

पण त्याआधी कडोलीला जाऊन यावं लागेल.

कडोली कुठं, असं विचारणाऱ्यांसाठी: चोर्ला घाट चढायचा, जांबोटीवरून बेळगाव गाठायचं, शहर ओलांडायचं आणि उत्तरेकडं दहा-बारा किलोमीटर जायचं. शेतीभातीचं गाव. तिथं दर हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलन भरतं. गाव ते स्वतःच्या हिमतीवर भरवतं, कित्येक वर्षं न चुकता. ग्रंथदिंडी निघते, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका असतात, लेझीम असतं, दुपारी पंगत असते. कडोलीचं बघून उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी अशी गावं उभी राहिली. आमच्याकडे गोव्यात मराठी संमेलन म्हटलं की आधी सरकारी अनुदानाची फाईल कुठं अडली याची चौकशी सुरू होते. तिथं लोक घरटी वर्गणी काढतात. हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगायला हवं.

तर मागच्या एका हिवाळ्यात मी तिथं एका परिसंवादात बोलायला गेलो होतो. बोललो काय, तर नेहमीचंच. ज्ञानेश्वर, तुकाराम, गोव्यातली नाट्यपरंपरा, बा. भ. बोरकर, भाषेचं संवर्धन. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. सीमाभागातले श्रोते फार सोशिक. मंडपाबाहेर आलो तर पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ उभे. हातात कापडी पिशवी.

“पावणं, गोव्यासनं आलायसा न्हवं तुमी?”

“होय मामा.”

“मग एक काम करा की. हे बगा.” पिशवीतनं त्यांनी एक पुस्तक काढलं. खरं तर पुस्तकाचं धड. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं गेलेली, कागद गुळाच्या रंगाचा झालेला. “झुंजार हाय. बाबूराव अर्नाळकर. नाव काय म्हाईत न्हाई, म्होरली पानं न्हाईत. शेवट बी न्हाई. वीस-पंचवीस वर्सं झाली, खुनी कोण त्ये कळंना झालंय. गोव्यात कुनाकडं मिळंल काय बगा की वो.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

मग बोलत बसलो. ते बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला होते. कडोलीहून सायकलनं जायचं, सायकलनं यायचं. वाटेत शहरात भाड्यानं पुस्तकं देणारी एक लायब्ररी होती, ती बंद पडताना मालकानं उरलेली पुस्तकं वाटून टाकली, त्यातली चाळीसेक यांच्याकडं आली. अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, चंद्रकांत काकोडकर. सातवीपर्यंत मराठी शाळा झालेली. पुढं? “फुडं सगळं कानडी की वो. जमिनीचा उतारा कानडी, पगाराचा कागद कानडी, बशीवरली पाटी कानडी. घरात बोलायचं मराठी, पन अक्षर कुटं दिसायचं? ह्येच्यात दिसायचं. ह्ये नसतं तर मी मराठी वाचायला इसरलोच असतो बगा.”

मंडपात त्याच वेळी सीमाप्रश्नाचा ठराव वाचला जात होता. टाळ्या झाल्या. त्या ठरावाची किंमत मी कमी करत नाही. पण ज्या माणसाच्या घरात तीस वर्षं रोज रात्री मराठी अक्षर जिवंत राहिलं, त्याच्या पिशवीतल्या पुस्तकांची दखल कुठल्याही संमेलनाच्या कुठल्याही परिसंवादात कुणी घेतलेली मी ऐकलेली नाही. मी स्वतः दहा मिनिटांपूर्वीच माईकवरून भाषासंवर्धनावर बोललो होतो आणि त्यात हा माणूस नव्हता.

आता माझा स्वतःचा गुन्हा. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी आमच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या समितीवर होतो. जागा अपुरी, कपाटं भरलेली, तेव्हा जुन्या पुस्तकांचं ‘निर्लेखन’ करायचं ठरलं. या शब्दाची मजा बघा. वाचनालयाच्या व्यवहारात निर्लेखन म्हणजे नोंदवहीतून पुस्तक कमी करणं; जे लिहिलं ते न लिहिल्यासारखं करणं. यादी झाली. वरचा निम्मा भाग रहस्यकथांचा होता. ‘वाङ्मयीन मूल्य नाही’ असा शेरा. चार सभासदांच्या सह्या. त्यातली एक माझी. रद्दीवाल्यानं पोती वजन करून नेली आणि आम्ही त्या पैशांत एक पंखा घेतला. तो पंखा अजून फिरत असेल.

म्हणजे कडोलीच्या मामांना हवी असलेली शेवटची पानं कदाचित मीच विकली.

आता पुन्हा त्या कॅफेतल्या भिंतीकडं वळू. ‘फिल्म नॉयर’ हे नाव ऐकलं की आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढं एकदम पॅरिस उभं राहतं. शब्द फ्रेंचच आहे, १९४६ मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकानं तो काही अमेरिकन चित्रपटांबद्दल वापरला. पण ते चित्रपट आले कुठून? डॅशिएल हॅमेट, रेमंड चँडलर हे लोक ‘ब्लॅक मास्क’ नावाच्या स्वस्त मासिकात लिहायचे. लगद्याच्या निकृष्ट कागदावर छापलेलं, वाचून रेल्वेच्या बाकावर टाकून द्यायचं मासिक. अमेरिकेतले प्राध्यापक त्याला हात लावत नव्हते. फ्रान्समध्ये गालिमारसारख्या प्रतिष्ठित प्रकाशनानं १९४५ मध्ये अशाच कथांसाठी काळ्या पुठ्ठ्याची एक स्वतंत्र माला काढली. ‘नॉयर’ म्हणजे काळा, तो काळा असा पुस्तकांच्या दुकानातून पडद्यावर गेला. थोडक्यात, त्या थोर शैलीचं मूळ निर्लेखनाच्या यादीत आहे! फरक एवढाच, की त्यांच्याकडं यादीवर सही करायच्या आधी कुणीतरी पुस्तक उघडून बघितलं.

आमच्याकडं बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव; १९०६ चा जन्म, १९९६ ला गेले. झुंजार, काळा पहाड ही नावं घेतल्यावर साठी ओलांडलेल्या कुठल्याही मराठी माणसाचे डोळे कसे होतात ते बघा. गुरुनाथ नाईकांचा गोलंदाज, त्यांचा कॅप्टन दीप. तेही शेकड्यांनी लिहीत, आणि गोव्याच्या मराठी पत्रकारितेतही त्यांनी काही वर्षं काढली. ते २०२१ मध्ये वारले तेव्हा आमच्याकडं चार ओळींच्या पलीकडं कुणी फारसं लिहिलं नाही. मी तरी कुठं लिहिलं?

हे सगळं थोर वाङ्मय आहे असं मी म्हणत नाही. पुष्कळसं भराभर पाडलेलं आहे, एकाच साच्यातलं आहे, बायकांची पात्रं तर बहुतेकदा किंचाळण्यापुरती आहेत. पण ‘ब्लॅक मास्क’चे सगळे अंक काय चँडलरचे होते? ढीग चाळल्याशिवाय चँडलर सापडत नाही. आम्ही ढीगच विकून पंखा घेतला.

आणि खटल्याचं म्हणाल तर ऐका. १९६२ च्या दिवाळीत ‘रंभा’ नावाच्या मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. आडनावच गोवा सांगतं, वेगळं सांगायला नको. अश्लीलतेची फिर्याद झाली. मुंबई उच्च न्यायालयानं लेखकाला दोषी ठरवलं. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ मध्ये सुटले. समाजाच्या कल्पना झपाट्यानं बदलत आहेत, हे त्या निकालात न्यायालयानं नोंदवून ठेवलंय. कायदा शिकणाऱ्यांना अश्लीलतेचा धडा शिकवताना हा खटला आजही सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोत आरोपीच्या पिंजऱ्यात प्रकाशक होता, गिन्सबर्ग स्वतः नव्हता; इथं खुद्द लेखक होता. ‘आपल्याकडे असलं काही घडलंच नाही’ म्हणे! घडलं, दिल्लीपर्यंत गेलं, सात वर्षं चाललं. पण आरोपी पडला काकोडकर, रेल्वे स्टेशनवर विकला जाणारा लेखक. त्याच्या बाजूनं लिहायला आमच्या थोर साहित्यिकांचे हात कितीसे उठले? त्याच्यावर बीटनिक संध्याकाळ कोण करणार?

इथं एक गंमत सांगतो, आणि ती मला सगळ्यात जास्त बोचते. कॅफेच्या भिंतीवरच्या ‘सी.आय.डी.’चा दिग्दर्शक राज खोसला. गुरुदत्तच्या हाताखाली शिकलेला पंजाबी माणूस. १९५६ चा हा चित्रपट म्हणजे मुंबईच्या नॉयरचा नमुना म्हणून सगळे दाखवतात. याच राज खोसलानं १९६६ मध्ये ‘मेरा साया’ काढला. तो कुठून घेतला? राजा परांजप्यांच्या १९६४ च्या मराठी ‘पाठलाग’वरून. काशिनाथ घाणेकर होते त्यात. आणि याच राज खोसलानं १९६९ मध्ये, म्हणजे काकोडकर सुटले त्याच वर्षी, ‘दो रास्ते’ काढला. तो कशावरून? काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’ या कादंबरीवरून. म्हणजे त्या पंजाबी माणसाला मराठी फडताळावरचं जे दिसत होतं, ते आम्हा मराठी लोकांना दिसत नव्हतं. आम्ही त्याचं पोस्टर भिंतीवर लावतो आणि त्यानं ज्याच्याकडून उचललं त्याला पोत्यात भरतो.

बीट मंडळींचंही तेच. मुळात ‘बीटनिक’ हा शब्दच टवाळीचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्ब केन नावाच्या स्तंभलेखकानं १९५८ मध्ये ‘बीट’ला स्पुटनिकची शेपटी जोडून तो बनवला. केरुआक, गिन्सबर्ग दोघांनाही त्याचा राग. काळा टीशर्ट आणि बोंगो हे त्या टवाळीचं चित्र आहे, कवितेचं नव्हे. आमची पोरं चेष्टेचा गणवेश भक्तिभावानं घालून बसली होती. (आणि हो, हणजुण्याला साठच्या दशकाच्या अखेरीस उतरले ते हिप्पी. ते वेगळं प्रकरण. आमच्याकडं दाढीवाला गोरा दिसला की सगळे एकाच कपाटात.)

गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत उतरला तेव्हा त्याला इथं शिष्य सापडले नाहीत. त्याला भेटली ती माणसं आपापल्या कामात आधीच बुडालेली होती. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांनी पन्नासच्या दशकातच ‘शब्द’ नावाचं सायक्लोस्टाइल केलेलं अनियतकालिक काढलं होतं. अशोक शहाण्यांनी १९६३ मध्ये मराठी साहित्यावर क्ष-किरण टाकणारा लेख लिहून अख्खं प्रस्थापित गाव अंगावर घेतलं. त्याच वर्षी नेमाड्यांची ‘कोसला’. १९६५ ला भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’. तिच्यावर आचार्य अत्रे तुटून पडले आणि दुर्गा भागवत तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. आणि कोलटकर! कोल्हापूरचा जन्म, म्हणजे कडोलीहून निपाणीवरून गेलं तर अडीच-तीन तासांची वाट. या माणसानं बंबय्या हिंदीत, टॅक्सीवाल्या-हमालांच्या बोलीत कविता लिहिल्या आणि मग त्याच कविता स्वतः इंग्रजीत नेल्या, त्याही थेट अमेरिकन गुंडपटांतल्या बोलीत. नॉयर आणि बीट एका माणसाच्या दौतीत उतरली होती हो! पोट जाहिरातींच्या डिझाइनवर, पखवाज शिकायचा, ब्लूज ऐकायचं. २००४ ला गेला. त्या कॅफेतल्या पुस्तकांच्या फळीवर केरुआक होता, बरोझ होता. कोलटकर नव्हता. इंग्रजी ‘जेजुरी’सुद्धा नव्हती.

मी त्या मुलाला नंतर बाजूला घेऊन हे सांगितलं. तो ओशाळला, फोनमध्ये नाव टिपून घेतलं. मग प्रामाणिकपणे म्हणाला, “पण सर, हे आम्हांला कुणी सांगितलंच नाही.” आता बोला.

आता थोडं आपल्या घरातलं, म्हणजे गोव्यातल्या मराठीवाल्यांचं. हे वाचून काही जण माझ्यावर चिडतील, चिडोत. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आधी आणि नंतर आपण याद्या केल्या. हे आपलं, ते परकं. नाट्यसंगीत आपलं, तियात्र त्यांचा. दशावतार आपला, ट्रंपेट त्यांचा. भांडण राजकारणाचं होतं, ते मी समजू शकतो, मीही घोषणा दिल्यात. पण या याद्यांमुळं आपण काय घालवलं ते बघा. १९५१ चा ‘अलबेला’ घ्या. सगळ्या रेट्रोवाल्यांचा लाडका. नायक-दिग्दर्शक भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. आणि त्यांच्या शेजारी उभा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे आपल्या हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ. तिघांपैकी कुणालाही काढा, ‘अलबेला’ कोसळेल. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडं प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७ मध्ये त्यांचं नाव गाण्यात घालून अमर केलं. ओ. पी. नय्यरच्या आणि शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा वाद्यमेळ बांधणारे सेबास्टियन डिसोझा. ज्या क्लबातल्या गाण्यांनी मुंबईचं नॉयर नॉयर झालं, त्या गाण्यांचा कागद गोवेकरांच्या हातचा. श्रेयनामावलीत त्यांची नावं बहुधा ‘सहाय्यक’ म्हणून यायची, नाहीतर यायचीच नाहीत.

आणि हे आठवून कोण देतं? इंग्रजी पुस्तकं. नरेश फर्नांडिसांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ आलं २०१२ च्या सुमारास. क्रिस पेरी-लॉर्नाच्या छायेतला ‘नाचूंया कुंपासार’ आला २०१४ मध्ये, तो कोंकणीत. मराठीत काय आहे? चितळकरांवर मराठी माणूस तासभर बोलेल, पण त्यांच्या शेजारच्या ट्रंपेटवाल्याचं नाव विचारा. मौन. का, तर तो आपल्या यादीत नव्हता. आणि गुरुदत्त? पदुकोण, चित्रापूर सारस्वत, घरात कोंकणी. त्याचा छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती म्हैसूरचा, कन्नड. काळ्यापांढऱ्याचा एवढा मोठा जादूगार कर्नाटकातला निघावा आणि आम्ही बेळगावात बसून कन्नड म्हटलं की कपाळाला आठ्या घालाव्यात, याचीही थोडी लाज वाटू दे. कडोलीचे मामा कानडी कागदावर रागावले होते, कानडी माणसावर नाही. ते स्वतः सुरेख कानडी बोलतात.

आता ते तिसरं चित्र. पन्नासच्या दशकातली देखणी पणजी.

रेट्रो म्हणजे काय? जे संपलं त्याची हौस. संपलं नसेल तर हौस करता येत नाही. सालाझारच्या राजवटीतल्या पणजीत मोटारी लांब होत्या हे खरं. त्याच पणजीत छापायचा प्रत्येक मजकूर सेन्सॉरकडून सुटून यावा लागे, हेही खरं. १९५५ मध्ये नानासाहेब गोऱ्यांची तुकडी गोव्यात शिरली, त्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या साऱ्या लढ्याचं बस्तान होतं बेळगावात. बेळगाव परिसरातल्या मराठी लोकांनी आपल्या सत्याग्रहींना जेवू घातलं, राहायला जागा दिली. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, ते बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. ‘हाउल’चं साल, ‘सी.आय.डी.’चं साल. आम्ही पाच वर्षांनी मुक्त झालो आणि ज्यांनी आम्हांला जेवू घातलं त्यांना विसरलो. तिथं दर १ नोव्हेंबरला मराठी माणसं काळा दिन पाळतात. दंडाला काळी फीत, सायकल फेरी. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नावही बेळगावी झालं.

‘नॉयर’ म्हणजे काळा. कडोलीत काळा रंग भिंतीवरच्या पोस्टरचा नाही, दंडावरच्या फितीचा आहे. पन्नासचं दशक तिथं सजावटीला मिळत नाही, कारण ते अजून चालू आहे. नॉयरमधला तो सुप्रसिद्ध धूर घ्या. त्या धुराची तंबाखू आमच्याकडं निपाणीत पिकते, तिथल्या वखारींतून बायका ती झोडपतात, चाळतात, विड्या वळतात. अनिल अवचटांनी त्या बायकांवर लिहून ठेवलंय. ती धूळ कुठल्याही छायाचित्रात देखणी येत नाही. १९८१ मध्ये भावासाठी रस्त्यावर बसलेल्या निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. धूर तिथंही होता.

या पोरांनी पोस्टरं काढून टाकावीत असं मला म्हणायचं नाही. मलाही बोगार्ट आवडतो. ‘बाजी’तलं गिटार घेऊन बसलेल्या गीता बालीचं गाणं लागलं की मी हातातलं काम ठेवतो. माझं भांडण ‘घडलंच नाही’ या वाक्याशी आहे, आणि ते वाक्य ज्यांच्या सहीनं खरं ठरत चाललंय त्यांच्याशी. त्यात मी आलोच.

कडोलीहून आल्यापासून मी शोधतोय. मामांकडचं पुस्तक त्यांनी मला दिलं नाही, द्यावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण तिथंच मंडपामागं बसून मी मधली काही पानं उतरवून घेतली. रात्रीच्या गाडीत एक माणूस शिरतो, त्याच्या डाव्या हाताला एक बोट कमी आहे, आणि डब्यात आधीच बसलेल्या बाईला तो कुठल्यातरी वेगळ्याच नावानं हाक मारतो. त्याच्या पुढं बरंच आहे, झुंजार येतो, वेषांतर होतं, आणि बरोबर जिथं दिवा लावला जातो तिथं पानं संपतात. शेवटची सोळा असावीत, म्हणजे छापखान्याच्या भाषेत एक फॉर्म. म्हापशाच्या बाजारातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडं विचारलं. मडगावला दोन ठिकाणी गेलो. फोंड्यात एका निवृत्त शिक्षकांच्या माळ्यावर दोन खोकी निघाली, त्यात काळा पहाड भरपूर, झुंजार तीनच, आणि हा नाही.

मामांनी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा म्हणाले, “घाई न्हाई वो. पन माझं वय आता ऐंशी झालंय, तेवडं ध्यानात ठेवा.” कुणाच्या घरात अशी खोकी असतील, रद्दीवाला दारात यायच्या आधी एकदा उघडून बघा. डाव्या हाताला एक बोट कमी.